गजराची तार

एखादे नवे व्यापारी संकुल, खासगी रुग्णालय किंवा चार मजली कापडदुकान मालकाने आपणांस हौसेने हिंडवून दाखविले, तर तो दोन वस्तू हमखास दाखवितो. एक, छताला चिकटलेली बशीएवढी पांढरी चकती, म्हणजे धुराचा डिटेक्टर; आणि दुसरी, दाराशेजारच्या भिंतीवरचे दिव्यांचे पॅनेल. त्या दोहोंना जोडणारी तार मात्र तो दाखवीत नाही. ती पीओपीच्या छताआड असते, आणि पुष्कळदा ती कोठून कोठे गेली आहे हे त्यालाही ठाऊक नसते. डिटेक्टर हा इमारतीचा डोळा आणि पॅनेल हा मेंदू, असे विक्रेते सांगतात. उपमा वाईट नाही. पण मधली नसच तुटली, तर डोळा शाबूत असून काय उपयोग?

आजचे हे विवेचन त्या नसेविषयी आहे. वसंतातल्या संध्याकाळी संतवाङ्मय, इतिहास किंवा अर्थकारण ऐकावयास येणाऱ्या मंडळींना हा विषय कोरडा वाटण्याचा संभव आहे. तथापि बँकेत रांगेत उभे असताना, नातेवाइकाला पाहावयास रुग्णालयात गेले असताना, मंगल कार्यालयात पंगतीला बसले असताना आपण सारेच या तारेच्या भरवशावर असतो. आणि तेथे रोज आठ-दहा तास राबणारे लोक तर जन्मभर असतात.

निरोप पोहोचला नाही म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण कामगार चळवळीत शंभर वर्षे सांगितले जात आहे. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमध्ये ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीच्या कारखान्याला आग लागली. दहा मजली इमारतीचे वरचे तीन मजले कारखान्याकडे होते. आग आठव्या मजल्यावर पेटली. आठव्या मजल्यावरून दहाव्याला टेलिफोन गेला. दहाव्यावर कचेरी होती, मालक होते, आणि तेथील जवळजवळ सर्व माणसे गच्चीवरून निसटली. मधल्या नवव्या मजल्याला कोणी कळविलेच नाही. इमारतीत सर्वांना ऐकू जाईल असा गजर नव्हता. शिवणयंत्रांच्या रांगांत बसलेल्या मुलींना आग कळली ती आग समोर उभी राहिल्यावर. १४६ जीव गेले. त्या दिवशी तेथले एक दार कुलूपबंद होते, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते आणि ती सांगितलीच पाहिजे. पण नवव्या मजल्याची मिनिटे हिरावली गेली ती निरोपाच्या अभावी, हेही तितकेच ध्यानात घ्यावयास हवे.

आता तारेकडे वळू. आपल्या दिव्या-पंख्यांच्या वायरीत २३० व्होल्टचा दाब असतो. आगीच्या गजराची तार बहुधा २४ व्होल्टवर चालते, चोरीच्या गजराची १२ व्होल्टवर. डिटेक्टरला काम करावयास फार वीज लागत नाही, आणि वीज गेली तरी बॅटरीवर सर्व यंत्रणा चालावी, म्हणून हा दाब कमी ठेवतात. पण या कमीपणामुळेच त्या तारेची हेळसांड होते. तिला हात लावला तर झटका बसत नाही, म्हणून तिला मानही नाही. मोठी वायर तुटली तर दिवा विझतो, गिऱ्हाईक ओरडते, वायरमनला बोलावणे जाते. गजराची तार तुटली तर काहीच विझत नाही. वातानुकूलन बसविणारा मिस्त्री पाइपाला आडवी येते म्हणून ती कापतो आणि टोके छतात ढकलून देतो. दुकान दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे उघडते, व्यवहार चालू राहतो, आणि डिटेक्टर आंधळा झाला आहे हे आग लागेपर्यंत कोणाला कळत नाही.

म्हणून तारेच्या रक्षणाचा पहिला प्रश्न पाइप कोणता आणि खिळा कोणता हा नाही. तार तुटल्याची बातमी तारेनेच द्यावी, अशी रचना करता येते का, हा आहे. हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच उभा राहिला होता. १८५३ साली अमेरिकेतील बॉस्टनजवळच्या ऑगस्टस पोप याने विजेच्या चोर-गजराचे पेटंट घेतले. पुढे एडविन होम्स याने ते विकत घेऊन १८५८ पासून बॉस्टनमध्ये धंदा चालविला. दार किंवा खिडकी उघडली की विजेचा मार्ग जुळावा आणि घंटा वाजावी, अशी ही योजना होती. युक्ती नामी खरी. पण एरवी मार्ग खुलाच असल्यामुळे कोणी तार कापली तर घंटा गप्प, आणि सारे ठीक असले तरीही घंटा गप्प! गप्प राहण्याचे दोन अर्थ झाले, आणि ते वेगळे कसे ओळखावयाचे हे कोणास सांगता येईना.

या कोड्याचा उलगडा रेल्वेच्या कामात फार स्पष्टपणे झाला. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन गृहस्थाने १८७० साली रुळांवर गाडी आली की विजेचा मार्ग जुळेल असा सिग्नल करून पाहिला. त्याला त्यातील उणीव दिसली आणि १८७२ साली त्याने ती रचना उलटी केली. रुळांतून बारीकसा प्रवाह सतत वाहता ठेवला. तो प्रवाह पोहोचत आहे तोवरच सिग्नल 'जा' म्हणणार. गाडी आली तर तिच्या चाकांनी प्रवाह मध्येच वळवला जातो आणि सिग्नल लाल होतो. रूळ तुटला तरी लाल, बॅटरी संपली तरी लाल, कोणी जोडणी तोडली तरी लालच. मुंबईच्या लोकलमध्ये 'सिग्नल फेल' म्हणून आपण चरफडतो, तेव्हा पुष्कळ वेळा यंत्रणा आपले काम चोख करीत असते: मला खात्री नाही, म्हणून मी थांबविते, असे ती म्हणत असते. 

आगीच्या गजरात हेच तत्त्व एका लहानशा वस्तूने साधतात. तिला आमचे वायरमन 'ई. ओ. एल.' म्हणतात, पूर्ण नाव एंड ऑफ लाइन रेझिस्टर, म्हणजे ओळीच्या शेवटी बसविलेला रोधक. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, अंगावर रंगीत पट्टे, किंमत जवळजवळ नगण्य. पॅनेलपासून दोन तारा निघतात, एकामागून एक डिटेक्टरांना भेटत जातात, आणि सर्वांत दूरच्या डिटेक्टरवर हा रोधक त्या दोन तारांच्या मध्ये बसतो. तो ४,७०० ओहमचा धरला आणि दाब २४ व्होल्टचा धरला, तर शाळेत शिकलेल्या भागाकाराने प्रवाह सुमारे ५ मिलिअँपिअर येतो. हे ५ मिलिअँपिअर म्हणजे तारेची हजेरी. पॅनेल अहोरात्र ती घेत असते. धूर आला की डिटेक्टर आपल्यातून प्रवाहाला सोपी वाट करून देतो, प्रवाह साधारण दसपट होतो, आणि तांबडा दिवा लागून भोंगा वाजतो. तार कोठेही तुटली तर प्रवाह शून्यावर येतो आणि फॉल्टचा पिवळा दिवा लागतो. म्हणजे 'ठीक', 'आग' आणि 'मी तुटले आहे' असे तीन निरनिराळे निरोप त्याच दोन तारांवरून येतात. पोपच्या घंटेला जे साधले नाही ते या दाण्याने साधले.

पण हा दाणा बसतो कोठे, यावर सारे अवलंबून आहे. तो दूरच्या टोकाला बसावयास हवा. पुष्कळ ठिकाणी तो पॅनेलच्या पेटीतच, तार जेथून निघते तेथेच, बसविलेला आढळतो. मग पॅनेल हजेरी कोणाची घेते? स्वतःच्याच पेटीतल्या रोधकाची. बाहेरची दीडशे मीटर तार उंदराने खाल्ली, सुताराने कापली, तरी पॅनेलवर हिरवा दिवा. हजेरीपटावर गैरहजर माणसाची सही मुकादमानेच करावी, तसला हा प्रकार आहे. दुसरा प्रकार म्हणजे मधूनच फांदी काढणे. एक खोली वाढली, की जवळच्या डिटेक्टरवरून दोन तारा ओढून तेथे नवा डिटेक्टर टांगतात. मूळ ओळीची हजेरी लागत राहते, फांदीची लागत नाही. ज्या खोलीसाठी खर्च केला तीच खोली पहाऱ्याबाहेर राहते.

हे का घडते? वायरमन अडाणी असतात म्हणून, असे उत्तर ठेकेदार देतात. मला ते मान्य नाही. आमच्या संघटनेत वायरिंगची कामे करणारी माणसे आहेत. रोधक कोठे बसवावयाचा हे त्यांतील जाणत्यांना पुरते ठाऊक असते. पण मजुरी मिळते ती 'पॉइंट'वर. पॉइंट म्हणजे डिटेक्टर. रोधक हा पॉइंट नव्हे. शेवटच्या चकतीपर्यंत शिडी पुन्हा नेऊन छताचा तुकडा उघडणे हे काम बिलात कोठेच बसत नाही. त्यातून काम तिसऱ्या हाताला गेलेले असते: मुख्य ठेकेदार, त्याचा पोटठेकेदार, आणि त्याच्या हाताखालची दोन पोरे. पॅनेल सुरू करावयाच्या दिवशी फॉल्टचा दिवा पिवळा लागला, संध्याकाळी मालक फीत कापणार आहे, तर सर्वांत जवळचा उपाय म्हणजे रोधक पेटीतच लावून दिवा विझविणे. तारेच्या रक्षणाची चर्चा करताना इंजिनिअर मंडळी हे प्रकरण सोडून देतात, म्हणून मी ते मुद्दाम सांगितले.

चोरीच्या गजराची गोष्ट थोडक्यात सांगतो. दारावर चुंबक आणि त्याच्या शेजारी बारीक स्विच असतो. दार बंद तर मार्ग जुळलेला. तार कापली तर गजर होतो, हे ठीक. पण चोर जाणता असेल तर तो तार कापीत नाही; स्विचच्या अलीकडे दोन तारा सोलून एकमेकींना जोडून टाकतो, आणि पुढे दार सताड उघडले तरी पॅनेलला पत्ता लागत नाही. येथेही स्विचच्या पलीकडे रोधक ठेवला की अशी जोडणी पकडली जाते, कारण प्रवाह ठरलेल्या मापाहून वाढतो. दोन रोधक वापरून दार उघडणे आणि तारेशी खेळ होणे हे निरनिराळे ओळखता येते. बाकी तत्त्व तेच.

नव्या मोठ्या इमारतींत प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा क्रमांक असतो आणि पॅनेल एकेकाचे नाव पुकारून हजेरी घेते. तार पॅनेलपासून निघून सर्वांना भेटून परत पॅनेललाच येते, म्हणजे वेटोळे पुरे होते; एका ठिकाणी तुटली तर दुसऱ्या बाजूने निरोप येतो. ही पद्धत निःसंशय चांगली आहे. पण जाणारी आणि येणारी तार एकाच पाइपातून नेली तर एकाच घावात दोन्ही तुटतात. गावाला दोन रस्ते आहेत म्हणावयाचे आणि दोन्ही एकाच पुलावरून जावयाचे, तसे होते.

आता तारेच्या अंगावरच्या चिलखताविषयी. सर्वसाधारण पीव्हीसी आवरणाची वायर ७० अंश तापमानापर्यंत वापरण्यासाठी बनविलेली असते. आगीत ते आवरण मऊ होते, ठिबकते, जळते, आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा घसा जाळणारा वायू निघतो. डिटेक्टरच्या तारेला आगीची पहिली वर्दी देऊन झाली की तिचे निम्मे काम संपते; परंतु भोंग्याच्या तारेला शेवटचा माणूस जिना उतरेपर्यंत तग धरावयाचा असतो. म्हणून तेथे अभ्रकाच्या पट्टीने किंवा सिलिकॉन रबराने संरक्षित केलेली, आगीत काही काळ टिकणारी केबल वापरावी. सर्वांत कणखर म्हणजे तांब्याच्या नळीत मॅग्नेशिअम ऑक्साइडची पूड ठासून तिच्यात तार बसविलेली केबल. तांबे १,०८५ अंशांना वितळते, तोवर ती हार मानीत नाही. महाग आहे हे खरे. पण निदान जिन्यालगतच्या आणि भोंग्यांच्या तारांसाठी तरी घासाघीस करू नये.

केबल टिकली आणि तिला धरून ठेवणारी पट्टी वितळली, तर काय होते? इंग्लंडमध्ये याची किंमत अग्निशामक दलाच्या जवानांनी मोजली. २ फेब्रुवारी २००५ रोजी स्टीव्हनेज येथील हॅरो कोर्ट या उंच इमारतीत लागलेल्या आगीत दोन जवान आणि एक रहिवासी दगावले. ६ एप्रिल २०१० रोजी साउदॅम्प्टनच्या शर्ली टॉवर्समध्ये आणखी दोन जवान गेले. दोन्ही ठिकाणी प्लास्टिकच्या केसिंगमधून सुटून खाली लोंबलेल्या केबलींनी धुरात वाट काढणाऱ्या जवानांना अडकविले होते. या इमारती राहत्या घरांच्या होत्या. परंतु छतालगतची प्लास्टिकची केसिंग-पट्टी दुकानांत आणि कचेऱ्यांत काही निराळी नसते. त्यानंतर ब्रिटनच्या वायरिंगच्या नियमांत २०१५ साली सुटकेच्या मार्गांपुरता आणि २०१८ साली सर्वत्र, केबल आगीत अकाली कोसळणार नाही अशा आधाराचा दंडक घातला गेला. तो आधार म्हणजे बहुधा धातूची साधी क्लिप. 

आपल्याकडे आगीच्या आधी पाऊस असतो, हेही विसरू नये. गच्चीतून झिरपलेले पाणी जंक्शन बॉक्समध्ये उतरते, तांब्यावर हिरवा थर चढतो, दोन तारांच्या मध्ये ओल धरते, आणि जून-जुलैत पॅनेल उगाच बोंबलू लागते. धान्याच्या गोदामांत आणि हॉटेलांच्या माळ्यांवर उंदीर-घुशी आवरण कुरतडतात. तेथे लोखंडी पाइपाला पर्याय नाही. दोन इमारतींच्या मधून उघड्यावर नेलेल्या तारेवर वळवाच्या विजेचा धक्का येतो, तिला दोन्ही टोकांस सर्ज संरक्षण हवे. लग्नसराईत आणि गणेशोत्सवात सजावटवाले झुंबरे आणि माळा जी वायर सापडेल तिला बांधतात. रंगारी डिटेक्टरवर पिशवी चढवितात आणि काढावयास विसरतात. आणि सर्वांत घातक सवय म्हणजे पाइप वाचविण्यासाठी गजराची तार २३० व्होल्टच्या वायरींबरोबर एकाच पाइपातून ओढणे. आवरण कोठे खरवडले तर मोठा दाब लहान तारेवर चढून पॅनेल जळते, माणसासही धोका होतो. खरवडले नाही तरी लिफ्टच्या मोटारीचे आणि शेजारच्या जड प्रवाहाचे पडसाद त्या बारीक तारेत उमटतात. वाट वेगळी ठेवावी, आणि ओलांडावयाचीच झाली तर काटकोनात ओलांडावी.

या सर्वांचा परिणाम एकच होतो: खोटा गजर. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे; तिच्यात निदान पोरगा खोटारडा होता. येथे तारच खोटे बोलू लागते आणि त्याचे कारण कोणी शोधीत नाही. आठवड्यातून तीनदा भोंगा वाजला, गिऱ्हाइके पळाली, मॅनेजर चिडला, की पहारेकऱ्याला हुकूम सुटतो: बंद कर तो भोंगा. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटावयाचे राहत नाही, पण भोंगा बंद केल्यावर काही महिने तरी शांतता मिळते आणि तेवढ्यावर सर्वजण समाधान मानतात. २४ नोव्हेंबर २०१२ रोजी ढाक्याजवळच्या ताझरीन फॅशन्स या कारखान्यात आग लागली, तेव्हा गजर वाजला होता. मजूर उठलेही होते. त्यांना परत यंत्रांवर बसविण्यात आले. शंभराहून अधिक माणसे मेली. तेथे तार निर्दोष असली तरी काय झाले असते? निरोप पोहोचला आणि मानला गेला नाही.

पाच महिन्यांनी, २४ एप्रिल २०१३ रोजी, त्याच देशात राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक कामगार गेले. त्यानंतर जो करार झाला तो बांगला देश अॅकॉर्ड या नावाने ओळखला जातो. त्यावर एका बाजूने आंतरराष्ट्रीय कामगार महासंघांनी आणि दुसऱ्या बाजूने दोनशेहून अधिक कपडा कंपन्यांनी सह्या केल्या. कारखान्यांची इमारत, वीज आणि आग अशी तिहेरी तपासणी स्वतंत्र इंजिनिअरांकडून व्हावी, अहवाल उघड व्हावा, आणि धोका दिसल्यास काम नाकारण्याचा हक्क कामगारास असावा, असे त्यात होते. या शेवटच्या हक्काला मी फार महत्त्व देतो. कारण गजर वाजल्यावर उठून जाण्याचा ज्याला अधिकार नाही, त्याच्या डोक्यावर डिटेक्टर टांगून काय साधणार?

आपल्या राज्यात महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आहे. त्यानुसार इमारतीचा मालक किंवा भोगवटादार यांनी आगीची यंत्रणा चालू स्थितीत ठेवावयाची असते, आणि परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, तसे प्रमाणपत्र घेऊन द्यावयाचे असते. डिटेक्टर आणि गजर यांची जोडणी कशी असावी याविषयी भारतीय मानक २१८९ आहे. कायदा आणि मानक दोन्ही आहेत. प्रश्न असा, की जुलैमध्ये तंत्रज्ञ येतो तेव्हा तो काय करतो? बहुधा पॅनेलजवळच्या डिटेक्टरवर धुराची फवारणी करतो, भोंगा वाजतो, सही होते. त्या एका चकतीची परीक्षा झाली. तारेची झाली नाही.

तारेची परीक्षा करावयाची असेल तर तंत्रज्ञाला सर्वांत दूरच्या टोकाला न्यावे आणि शेवटच्या डिटेक्टरवरची तार पॅनेलला व पहारेकऱ्याला आधी सूचना देऊन सोडावयास सांगावी. पॅनेलवर पिवळा दिवा लागला तर रोधक जागेवर आहे. लागला नाही, तर तो पेटीत बसला आहे असे खुशाल समजावे. मग भोंगे एकदम सर्व वाजवून दूरच्या भोंग्यावरचा दाब मोजावा. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून २०० मीटर अंतरावर एक अँपिअर नेला, तर जाण्या-येण्यात जवळजवळ ५ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. बॅटरी उतरलेली असेल तर दूरचा भोंगा नुसता कण्हतो. ही सारी परीक्षा एका मजल्याला अर्ध्या तासाची आहे. सोसायटीच्या, दुकानाच्या किंवा बँकेच्या सभासदाने ती मागितली तर कोणी नाही म्हणू शकत नाही.

राहिला पिवळा दिवा. तो रात्री दोन वाजता लागला तर त्याच्यासमोर कोण असतो? बारा तासांच्या पाळीवरचा, कंत्राटावरचा पहारेकरी. पॅनेलच्या बझरला गप्प करण्याचे बटण कोणते, एवढेच त्याला दाखविलेले असते. त्याला पिवळ्याचा आणि तांबड्याचा फरक कोणी समजावून दिलेला नसतो, रात्री कोणाला फोन करावयाचा तो नंबर दिलेला नसतो, आणि फोन करून साहेबाची झोपमोड केली तर सकाळी काय ऐकावे लागेल हे त्याला चांगले माहीत असते. आमच्या संघटनेने पहारेकऱ्यांसाठी जी मागण्यांची यादी केली तीत पगाराच्या आणि सुट्टीच्या मागण्यांखाली आणखी दोन कलमे घातली. पॅनेलजवळ एक बांधलेली नोंदवही असावी, तीत पिवळा दिवा लागल्याची वेळ, कळविलेल्या माणसाचे नाव आणि दुरुस्तीची तारीख लिहिली जावी, आणि दिवा कळविल्याबद्दल कोणास बोल लावू नये. आणि वायरिंगच्या कंत्राटात शेवटचा रोधक हा स्वतंत्र पॉइंट धरून त्याची मजुरी वेगळी द्यावी. पहिले कलम काही ठिकाणी मान्य झाले आहे. दुसऱ्यावर ठेकेदार अजून हसतात.